नावाची जागा

खरवईत लग्न कुणाचंही असो, पहिलं बोलावणं कौसाबाईला जायचं. भटजीला मागाहून, बँडवाल्याला त्याहून मागाहून. ती धवलारीण होती. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, वेगळा, आणि ते सगळे धवले कौसाबाईच्या गळ्यात होते. निम्म्या गावाची लग्नं तिच्या तोंडून लागली होती. फक्त तिच्या पोटच्या पोराचं, मधूचं, लागलं नव्हतं. मधूने उल्हासनगरच्या कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि देशावरची तुळशी दारात आणून उभी केली. कौसाबाईने दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, घरात घेतलं, पोटभर जेवू घातलं. धवला मात्र म्हटला नाही.

पुढे सासू-सुनेचं चांगलं जमलं. उन्हाळ्यात राब भाजायला, पावसात लावणीला दोघी एकाच बांधावरून उतरायच्या. तुळशी तिला माहेरच्या रितीने ‘आत्याबाई’ म्हणायची आणि शेजारच्या बायका त्यावरून तिची टिंगल करायच्या. तिला कशाचीच कमी नव्हती. तरी दुसऱ्यांच्या पोरींच्या हळदीला सासूचा गळा मोकळा झाला की तुळशीला आपला न म्हटलेला धवला आठवायचा. मला का नाही, असं तिने कधी विचारलं नाही. विचारून मिळणारी ही गोष्ट नव्हे, एवढं तिला कळत होतं.

त्यात प्रत्येक हळदीला तिला तिथे उभं राहावंच लागायचं, कारण कॅमेरा तिच्याच खांद्यावर असायचा. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये नारीभाईचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. तुळशी तिथे सीडीच्या डब्यांवर कागद चिकटवायला लागली होती. चिकटवता चिकटवता मिक्सिंग शिकली, मग शूटिंग. हळदीच्या अंगणात ओल्या पातळातल्या बायका पुरुष कॅमेरावाल्यापुढे अंग चोरायच्या, तुळशीपुढे खुशाल नाचायच्या. नारीभाईला हे लवकर उमगलं आणि त्याने तिच्या हातात चांगला कॅमेरा दिला.

त्या वर्षी चैत्र सरता सरता बाळाजीच्या पायलची हळद होती. अंगणात पाट मांडला होता, वर आंब्याच्या डहाळ्या. कौसाबाईने कमरेला पदर खोचला, एक हात कानावर ठेवला आणि उचललं:

मांडवाचे दारी गो, कोनाची नवरी?
बाळाजीची लेक गो, पायल नवरी.
तिचे अंगी हलद गो, कोनाचे नावाची?
प्रज्वल नवऱ्याचे नावाची.

तुळशीने ते झकास टिपलं. पिवळे हात, पायलचे मिटलेले डोळे, सासूच्या गळ्याची ताणलेली शीर. दुकानात आणून टेप लावली तेव्हा एकच गोष्ट तिला खटकली. ‘कोनाची नवरी?’ म्हणून झालं की कौसाबाई थांबायची. मग पायलची चुलती पुढे वाकून काहीतरी पुटपुटायची, मागे कुणीतरी खिदळायचं, गोठ्यातली म्हैस ओरडायची आणि नंतर पुढची ओळ यायची. दर ओळीमागे हाच खोळंबा. तुळशीने ते सगळे थांबे कापले आणि ओळीला ओळ भिडवली. गाणं असं सरळ धावायला लागलं की नारीभाई गल्ल्यावरून उठून आत आला.

“अरे तुलसी, ये तो एकदम पिक्चर का गाना बन गया!”

“अजून बघत रहा नुसते,” तुळशी म्हणाली.

एकाच टेपमधून तिने चार माल काढले. घरच्यांसाठी सगळ्या लग्नाच्या सीडी. केबलवाल्यासाठी अर्ध्या तासाचा तुकडा, खाली जाहिरातींची पट्टी सरकायला जागा सोडून. मोबाईलसाठी तेवढा हळदीचा धवला, तोही चेहरे जवळ घेऊन, कारण मोबाईलचा पडदा बिस्किटाएवढा आणि त्यात अख्खा मांडव घातला तर मुंग्याच दिसतील. तोच धवला आणखी बारीक करून शेजारच्या सायबरमधून तिने यूट्यूबवर चढवला आणि ऑर्कुटवरच्या आगरी मंडळींच्या अड्ड्यावर त्याचा पत्ता टाकला. पनवेल, पेण, उरणहून लोक वाहवा लिहायला लागले. कुणी एक दुबईहून लिहिलं की आईची आठवण आली.

हे सगळं सासूला कसं समजवायचं? तुळशीने परसात तांदूळ पाखडता पाखडता समजावलं.

“आत्याबाई, भात झोडलं की तांदूळ वेगळा, कणी वेगळी, कोंडा वेगळा, पेंढा वेगळा. काही टाकून देतो का आपण? तसंच हे. पीक एकच, ज्याला जे लागतं ते त्याला.”

कौसाबाईने सूप खाली ठेवलं. “आन बियानं?”

“कसलं बियाणं?”

“भात झोरलं का आधी बियानं बाजूला काढतंव. ते नाय रांदत, नाय इकत. तुजे मशिनीत ते काढलंस का?”

तुळशी हसली. म्हातारीला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय आहे, असं मनाशी म्हणून तिने पुढचं सूप पाखडायला घेतलं.

वैशाख लागला. ऊन इतकं की विहिरीवरून आणलेली कळशी दारात येईतो कोमट व्हायची. हे कौसाबाईचे हंगामाचे दिवस. एरवी या दिवसांत तिला जेवायला घरी फुरसत नसे. या वर्षी ती घरीच होती. सकाळी शेण काढायची, दुपारी चिंचा फोडायची, आणि दारात पाऊल वाजलं की मान वर करायची. येणारा सुपारी घेऊन आलेला नसायचा.

मग शेजारची बनूबाई आली.

“कौसाय, उद्या भाच्याची हलद हाय. जेवाला ये हां सगली.”

“मांडवाला उंबराची डहाली आनाला कवा निगायचं?” कौसाबाईने पातळ झटकत विचारलं.

“तुला कशाला तरास? तुजा धवला हाय ना आमचे भाच्याचे मोबाईलमदी. साऊंडवाला जोरून देल. तू आपली खुर्चीवर बस आरामात.”

बनूबाईला यात काही वावगं वाटलं नाही. वयाची बाई, तिला बसायला मिळतंय, असंच तिच्या मनात होतं. तेच कौसाबाईला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाहुण्यांत बसली. तिचाच आवाज ढोलाच्या ठेक्यात घालून माणसाहून उंच खोक्यांतून गावभर आदळत होता. पोरं नाचत होती. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली आणि ओळीओळीला तिचे ओठ हलत होते. कॅमेऱ्याच्या भिंगातून तुळशीला ते दिसलं आणि तिने कॅमेरा दुसरीकडे वळवला. आपल्या हातांनी आपण या बाईचं काम काढून घेतलं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

परत येताना कौसाबाई एवढंच म्हणाली, “बनीचे भाच्याला हलद लागली ती पायलचे नि प्रज्वलचे नावाची.”

“एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू आलंय, आत्याबाई?”

“मना आयलं.”

टेप कापताना नावांचा विचार तुळशीच्या मनाला शिवलाही नव्हता. गाणं म्हणजे गाणं, ते कुठेही वाजतं. पण हे गाणं एका पोरीला एका माणसाच्या नावाने हळद लावत होतं. जिथे वाजेल तिथे त्याच पोरीला आणि त्याच माणसाच्या नावाने.

याचा बोभाटा मोरिवलीत झाला. एका सकाळी रिक्षा दारात थांबली आणि तिच्यातून धर्मराज उतरला. तो मोरिवलीचा, अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होता, खरवईत त्याचे नातलग होते. त्याच्यामागून त्याची बहीण इंदुबाई उतरली ती बोलतच उतरली.

“कुठं हाय ती धवलारीण? आमचे सोनूला दुसरीचे नवऱ्याची हलद लावलीन!”

“इंदे, जरा दमानं,” धर्मराज म्हणाला. त्याचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा ओढलेला होता.

“काय दमानं? काल ढोल वाजवणारे आयले नाय, म्हनून नुसता धवला लावला. शब्द न् शब्द ऐकू आयला. माझे हातात हलद, हात सोनूचे गालावर, आन वरशी आवाज येतो, प्रज्वल नवऱ्याचे नावाची! कोन हा प्रज्वल? नवऱ्याकरच्या बाया उष्टी हलद घेऊन आयलेल्या, त्या एकमेकींचे तोंडाकरं बघाला लागल्या. व्याहीन तर ताटलीच घेऊन उठली. म्हनली, आधी हा प्रज्वल कोन ते सांगा, मग लगीन.”

“माझी पोरगी कालपासून जेवली नाही,” धर्मराज हळू म्हणाला. “उद्या लग्न आहे. आम्ही त्यांना सांगून थकलो की मोबाईलमधलं गाणं आहे. पटतंय, पण मनातून जात नाही त्यांच्या. आमच्याही जात नाही, खरं सांगायचं तर.”

तुळशी भिंतीला टेकून उभी होती. आता सासू बोट दाखवणार, ही बघा ती, हिने केलं, असं म्हणणार, आणि म्हटलं तर त्यात खोटं काही नव्हतं. कौसाबाईने पदर सारखा केला.

“गला माजा हाय,” ती म्हणाली. “तवा निस्तराचं बी मीच.”

तुळशीला ते सोसवलं नाही. ती पुढे आली.

“गळा त्यांचा आहे, पण कापलं मी. नावं तशीच ठेवून गावभर वाटली मी. काय बोलायचं ते मला बोला.”

इंदुबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, पण समोरचं माणूस आधीच कबूल होऊन बसलं की भांडणाला धार राहत नाही. कौसाबाईने सुनेकडे एकदा बघितलं. मग आत जाऊन तिने हिरव्या बांगड्या भरल्या आणि नऊवारी नेसून बाहेर आली.

“तुजा कॅमेरा घे,” ती तुळशीला म्हणाली. “आन या येली कापू नको.”

धर्मराजचं घर कारखान्यांच्या भिंतीलगत होतं. हवेत तो नेहमीचा औषधासारखा उग्र वास, आणि त्यातच शेणाने सारवलेलं अंगण नि ताजा मांडव. कौसाबाई पायरीवर पोचली तशी सगळी सूत्रं तिने हातात घेतली, जणू इथे येण्यासाठी तिला कुणी बोलवायला उशीरच केला होता. सोनूला अंगावर पाणी घालून कालची हळद पार धुवायला लावली. साऊंडवाल्याला खोकी झाकायला लावली. उखळीत नवी हळकुंडं घातली, पाच सवाष्णींना मुसळ धरायला लावलं. नवरदेवाच्या घरी माणूस पाठवून व्याहीणबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, पण मांडवाच्या कडेला, चप्पल न काढता उभ्या राहिल्या.

कौसाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने सोनूला पाटावर बसवलं. पोरीचे डोळे रडून सुजले होते. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुसरा हात कानावर नेला.

मांडवाचे दारी गो, कोनाची नवरी?

आणि ती थांबली.

अंगण गप्प झालं. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर चालू होती, तेवढीच. कौसाबाई नुसती वळून इंदुबाईकडे बघत राहिली. इंदुबाईला आधी समजेना. मग तिच्या लक्षात आलं की हे नाव आता आपल्याला द्यायचंय, आपण दिल्याशिवाय हे पुढे जायचं नाही. तिचा आवाज चिरका होता, काल दिवसभर भांडून आणखी बसलेला.

धर्मराजची लेक गो, सोनू नवरी.

बायकांनी ते उचललं. खांबाशी उभ्या असलेल्या धर्मराजने तोंड फिरवून खांद्याला डोळे पुसले.

तिचे अंगी हलद गो, कोनाचे नावाची?

पुन्हा थांबा. या वेळी कौसाबाईने व्याहीणबाईंकडे पाहिलं. सगळं अंगण तिकडे बघायला लागलं. व्याहीणबाई घुटमळल्या. काल ताटली उचलून गेलेली बाई, आज बोलली तर माघार, न बोलली तर लग्न अडतंय. कौसाबाईने घाई केली नाही. हाताची ओंजळ करून, त्यात हळद घेऊन ती उभीच राहिली. व्याहीणबाईंनी एक पाय चपलेतून काढला, मग दुसरा.

विक्रांत नवऱ्याचे नावाची.

त्या पुढे आल्या आणि सगळ्यांत आधी त्यांनीच सोनूच्या गालाला हळद लावली. इंदुबाईला हुंदका फुटला आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम.

तुळशीने हे सगळं भिंगातून पाहिलं. त्या थांब्यात प्रत्येक चेहऱ्यावर काय काय येऊन जात होतं ते तिने पाहिलं. हेच तर ती आजवर खोळंबा म्हणून कापून फेकत आली होती! धवलारीण थांबते ती दम घ्यायला किंवा आठवायला नव्हे. ती त्या घराला जागा करून देते. नाव घरच्यांनी आपल्या तोंडाने द्यायचं असतं. त्याच वेळी पुढे काय करायचं तेही तिला दिसलं, कारण शेवटी ती मिक्सिंगवालीच होती.

मोरिवलीची टेप तिने न कापता सोडली. थांबे, चिरका आवाज, व्याहीणबाईंच्या चपला, सगळं तसंच. केबलवर ती लोकांनी फोन करकरून पुन्हा लावायला लावली. मोबाईलवरून मोबाईलवर ती जुन्या धवल्याच्या पुढे गेली. आणि आठवडा संपायच्या आत कौसाबाईच्या दारात एक सोडून तीन घरची सुपारी आली. बनूबाईसुद्धा येऊन गेली. भाच्याचं बरं चाललंय, पण तेवढी दोन बोटं हळद खऱ्या नावाने लावून देशील का, असं हळूच विचारून गेली.

मग एका दुपारी तुळशी सासूला घेऊन दोन गाड्या बदलून कॅम्प दोनला आली. लांबच्या गावांहून मागणी होती, जिथे धवलारीण उरलीच नव्हती, आणि कौसाबाई एका वेळी एकाच मांडवात उभी राहू शकत होती. जीन्सच्या गठ्ठ्यांमधून, हातगाड्यांमधून वाट काढत म्हातारी दुकानात शिरली आणि थंड यंत्राच्या वाऱ्याखाली पदर घट्ट लपेटून बसली. नारीभाईने स्वतः खुर्ची पुसून दिली.

तुळशीने कॅमेरा लावला, माईक जोडला. एक एक धवला कौसाबाई म्हणत गेली. खांबाचा, उंबराचा, तेलाचा, हळदीचा. नाव आलं की थांबायची. ती रिकामी जागा तुळशीने जशीच्या तशी ठेवली. नारीभाईने कानाला लावलेला फोन खाली घेतला.

“साईं, ये बीच में खाली क्यों है? लोग बोलेगा सीडी खराब है. वापस लाके मारेगा मेरे मुँह पे.”

“नाही मारणार,” तुळशी म्हणाली. “तिथे नाव घ्यायचं असतं. ज्याच्या घरी लग्न, त्याने.”

“और किसीने नहीं लिया तो?”

“घेतील. गप्प बसवतच नाही तिथे कुणाला. तुम्हीच बघा.”

दाखवायला म्हणून तिने आधी सरावाला दुसऱ्या टेपवर घेतलेला हळदीचा धवला मशीनवर लावला. कॅमेरा बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. पडद्यावरची कौसाबाई म्हणाली, कोनाची नवरी?, आणि थांबली. दुकान शांत झालं. नारीभाई खरंच अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघायला लागला.

खुर्चीतल्या कौसाबाईने कानावर हात ठेवला.

सुदामाची लेक गो, तुळशी नवरी.

तुळशीचा हात बटणावरच राहिला. तिच्या बापाचं नाव या बाईने आजवर एकदाही घेतलं नव्हतं. ते तिला ठाऊक आहे, हेच तुळशीला ठाऊक नव्हतं. पडद्यावरची ओळ पुढे गेली, तिचे अंगी हलद गो, आणि पुन्हा जागा मोकळी झाली. कौसाबाईने ती भरली. मांडवात म्हणायची तशी मोठ्याने नाही, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

मधू नवऱ्याचे नावाची.

“तवा मना राग व्हता,” धवला संपल्यावर ती म्हणाली. “मंग राग गेला, पन मांडव नवता. बिनमांडवाचा धवला कसा म्हनू, म्हनून राहलं.” तिने हात लांब करून सुनेच्या गालाला बोटं लावली. बोटांना हळद नव्हती, चिंचा फोडून ती काळपट झाली होती. “रडतंस कशाला? झालं ना आता.”

तुळशी रडत होती, भरपूर रडत होती, आणि पुसायला तिला मुळीच घाई नव्हती.

नारीभाईने नाक शिंकरलं. “तुलसी, ये वाला अलग से निकाल. केबल पे डाल, नेट पे डाल. हिट होगा, लिख के ले.”

तुळशीने कॅमेरा बंद केला. टेप बाहेर काढली आणि तिचा कोपऱ्यातला खटका सरकवला, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. गाण्यांसाठी तिने आत्ताचे सगळे धवले सासूकडून नव्या टेपवर पुन्हा म्हणवून घेतले. म्हातारीनेही कुरकूर न करता म्हटले.

“अरे, पर वो पुरानी का क्या?” नारीभाईने विचारलं.

तुळशीने टेप पिशवीत ठेवली आणि सासूकडे पाहिलं.

“ते बियाणं आहे,” ती म्हणाली.